रक्कम सगळेच लिहितात, तू तारीख लिही

प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातली एक मुलगी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय आहे ऊसपट्ट्यातल्या कुटुंबांचं कर्ज. शनिवार-रविवारी ती गावी येते आणि रोज रात्री वहीत लिहिते. घरातलं, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतलं, आठवडी बाजारातलं, मनातलं. मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं की ही डायरी झाली, हे संशोधन नाही. तिनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. या नोंदींचं पुढं काही होतं का? राजकारण त्यातून वगळावं का? आणि स्वतःच्या घराबद्दल लिहावं का?

मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करतो. तीसेक वर्षं मी सांगली आणि सातारा जिल्ह्यांत घरोघर फिरून पाहण्या केल्या. आधी प्रगणक म्हणून, नंतर कॉलेजात शिकवता शिकवता. या काळात विद्यार्थ्यांच्या अशा पुष्कळ वह्या हाताखालून गेल्या. त्यांतल्या बऱ्याच वह्यांत एकच उणीव सापडते. रक्कम असते, भावना असते, मतही असतं, तारीख नसते. वहीच्या पानावर लिहिणाराची तारीख असते, पण पैशाची नसते. "आज उसाचं बिल आलं, घरात सगळे खूश," असं लिहिलेलं असतं. कुठल्या उसाचं? लागण कधीची, तोड कधी झाली, तोडीनंतर कितव्या दिवशी बिल जमा झालं, आणि त्या पैशाला आधीपासून कोण कोण वाट पाहत बसलं होतं? हे चार शब्द जोडलेस की तीच डायरी संशोधनाच्या कामाची होते. तुझ्या मार्गदर्शकांची तक्रार मी अशी वाचतो.

आपल्या भागात या गोष्टीला फार वजन आहे. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण जुलै-ऑगस्टात होते आणि ऊस तुटायला सोळा-अठरा महिने जातात. म्हणजे जुलै २०२३ मध्ये लावलेल्या सरीचा पैसा २०२४ च्या अखेरीस किंवा २०२५ च्या सुरुवातीला घरात येतो. मधल्या दीड वर्षात मुलांच्या फिया, यात्रा, दवाखाना, खताचे दोन-तीन डोस हे सगळं होऊन गेलेलं असतं. मग चूल कशावर पेटते? दुधावर. डेअरीचं दहा दिवसांचं बिल येतं, त्यावर तेल, साखर, चहापूड, मोबाइलचा रिचार्ज. पाहणीला गेलो की लोक अभिमानानं सांगत, "आमचं घर उसावर हाय." वही उघडून महिन्याचा खर्च लिहायला घेतला की दिसायचं, घर म्हशीवर आहे. ऊस कर्ज फेडतो, म्हैस घर चालवते. आणि म्हशीचं शेण-पाणी, वैरण, धार हे कोण करतं ते तुला मी सांगायला नको. कर्जाचा अभ्यास करताना उसाची रक्कम मोठी म्हणून तीच पाहिलीस, तर दर दहा दिवसांनी येणारी ती छोटी रक्कम आणि ती मिळवणारी बाई दोन्ही तुझ्या तक्त्यातून गळतील.

आता कायदा बघ, कारण तोही तारखेचाच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज. २००९-१० च्या हंगामापासून एफआरपी आली, म्हणजे केंद्रानं ठरवलेला, कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर. २०२४-२५ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) क्विंटलमागे ३४० रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ रुपये. पेपरात सगळी चर्चा या आकड्याची होते. पण २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली तेव्हा जाहीर दर तोच राहिला होता, हलली होती ती मुख्यतः तारीख. त्यावर शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. एवढी लढाई तारखेसाठी कशाला, हे एखाद्या पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला कळणार नाही. तुला कळेल, कारण तुझ्या घरी हप्ता कुणाचा कधी थकतो हे तू पाहिलं आहेस. ते लिही. पूर्ण पैसे एकदम हातात आले तर सोसायटीचं खातं नील करून पुन्हा उचलता येतं. अर्धे आले तर ते वाटेतच संपतात.

सोसायटीवरून आठवलं, आणि इथं जरा थांबतो, कारण तुझ्या विषयाचा गाभा इथंच आहे. आपल्याकडं मार्चअखेर जे "नवं-जुनं" चालतं ते तुला माहीत असेलच. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. म्हणून मुदतीच्या आत भरायचं आणि चार-आठ दिवसांत पुन्हा नवं उचलायचं. भरायला पैसे नसतात. मग कुणी सोनाराकडं जातो, कुणी दुकानदाराकडं, कुणी पाहुण्याकडं. एका शेतकऱ्यानं मला सांगितलं होतं: दोन लाख आठ दिवसांसाठी घेतले, चार हजार दिले. मी तिथल्या तिथं हिशेब केला. आठ दिवसांना दोन टक्के, म्हणजे सरळ व्याजानं वर्षाला नव्वद टक्क्यांच्या वर. मी वहीत "सावकारी पिळवणूक" असं लिहून अधोरेखित केलं आणि घरी आलो.

रात्री पुन्हा विचार केला तेव्हा चूक ध्यानात आली. त्या माणसाला वर्षभर दोन लाख वापरायला मिळत होते आणि त्याची एकूण किंमत चार हजार पडत होती. म्हणजे वर्षाला दोनच टक्के. शहरातला पगारदार सोनं गहाण ठेवून याच्या कितीतरी पट जास्त देतो. आठ दिवसांची खिडकी लावली तर तो माणूस लुटला जातोय, वर्षाची खिडकी लावली तर तो शहाणा कारभारी आहे. दोन्ही आकडे बरोबरच. तिसरा आकडा सोसायटीच्या अहवालात असतो: वसुली शंभर टक्के. तोही खोटा नाही. पण त्या गावावर किती कर्ज आहे, त्यातलं किती खरोखर फिटलं आणि किती फक्त नवं झालं, हे त्या शंभर टक्क्यांतून कधीच कळणार नाही. ते कळायला मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला आठवडा कुणीतरी गावात बसून तारखा लिहिल्या पाहिजेत. हे काम बाहेरचा माणूस करू शकत नाही. नवं-जुनं करायला पैसे कुणाकडून घेतले हे लोक प्रश्नावलीत सांगत नाहीत, पण कट्ट्यावर बोलून जातात.

आणि ज्याला आठ दिवसांसाठीही कुणी देत नाही, त्याचं काय होतं तेही शोध. थकबाकीत गेलेल्या घराला सोसायटीचं दार बंद होतं आणि मग मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता सुरू होतो, बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या नावावर. माझ्या मते नवं-जुनं करता येणारा आणि न येणारा, ही आपल्या गावातली खरी आर्थिक रेघ आहे. एकरांवरून ती नेहमी कळत नाही. दोन एकरवाला करू शकतो, चार एकरवाला अडकतो. कारण एकाला भाऊबंदकीत पत असते, दुसऱ्याला नसते.

राजकारण वगळू का, असं तू विचारतेस. वगळू नकोस, पण मताला मत म्हणून लिहू नकोस. मी एक उदाहरण देतो, यंदाच्या हंगामात करून बघ. कारखान्याकडं लागणीची नोंद असते, आणि तोडीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणं लागायचा असतो. तुझ्या वस्तीच्या आसपासचे वीस फड, म्हणजे उसाची रानं, निवड. प्रत्येकाची लागणीची तारीख आणि तोड आल्याची तारीख लिही. मग पाहा, रांग कुठं मोडली आणि कुणासाठी. कोण संचालकांच्या नात्यातला, कोण कुठल्या गटाचा, चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, कुणाच्या घरी चहाला थांबतो, हे तुला वेगळं विचारावं लागणार नाही. एकालाही "तुम्ही मत कुणाला दिलं" असं न विचारता सत्तेची किंमत दिवसांत मोजून मिळेल. दिवसांचे पैसेही होतात. ऊस पक्व होऊन उभा राहिला की वजन घटतं, खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या फुटव्याला, उशीर होतो, नाहीतर रान मोकळं न झाल्यानं पुढचं पीक हुकतं.

म्हणूनच शेतकरी ऊसतोड टोळीला खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याला एंट्री देतो, म्हणजे बिलाबाहेरचे वरचे पैसे. तोडणी-वाहतुकीची कपात बिलावर छापलेली असते. खुशाली कुठंच छापलेली नसते, ती फडाच्या बांधावर रोखीनं जाते. ती लिहिताना मात्र घाई करू नकोस. आपल्या गावात बसून पाहिलं की टोळी अडवणूक करते असंच वाटतं. त्याच टोळीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, एक संध्याकाळ जा. बीडकडून आलेलं जोडपं, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून दिवाळीआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि हंगाम संपेपर्यंत ती फिटेल की नाही याची चिंता. त्यांच्याही पैशाला तारीख आहे. शेतकऱ्याला तोड लवकर हवी असते, टोळीला उचल फिटायला हवी असते आणि कारखान्याला गाळप अखंड हवं असतं. खुशाली या तिघांच्या मधे उभी आहे. शेतकऱ्याच्या बाजूनं एक आणि कोयत्याच्या बाजूनं एक अशी दोन पानं लिहिलीस तर त्या नोंदीला किंमत येईल.

सरकारी योजनांचंही असंच. लाडकी बहीण योजनेचा पहिला पैसा ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर खात्यात पडला, दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये. ऑक्टोबरात दिवाळीआधी पुढच्या महिन्याचाही हप्ता देऊन टाकला, आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. यावर गावात जेवढी तोंडं तेवढी मतं ऐकशील. तू काकूला एवढंच विचार: पैसे आल्याचं कुणाकडून कळलं, बँकेत कुणाबरोबर गेलात, पहिली वस्तू काय घेतली, आणि घरात कुणाला सांगितलं नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मला स्वतःला या योजनेच्या वेळेबद्दल आक्षेप आहे आणि मी तो उघड बोलतो. पण आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावावर नियमित पैसे आलेल्या बाईला "हे आमिष आहे" असं ऐकवायचा अधिकार मला नाही, असंही मला वाटतं. ही दोन्ही वाक्यं माझ्या वहीत शेजारी शेजारी आहेत.

आपल्या मातीत राजकारण आणि पैसा कधी वेगळे नव्हतेच. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं, कुंडलसारख्या गावांत त्याची पाळंमुळं होती. तिथं लोकन्यायालयांपुढं जमिनीचे, सावकारीचे तंटे यायचे. पुढं १९९३ पासून आटपाडीला पाणी संघर्ष परिषदा भरू लागल्या, नागनाथअण्णा नायकवडी त्यात अग्रभागी होते. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. एखाद्या अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न मालमत्ता-हक्कांचा म्हणून शिकवतील. आटपाडीत तो सभेत उभा राहिला. आज टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं असा हिशेब आहे, आणि पाणीपट्टी कित्येकदा उसाच्या बिलातूनच कापून जाते. तुझ्या कर्जाच्या तक्त्यात हा रकाना आहे का बघ. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटलं ती तारीखही लिही. पंधरा दिवस उशिरा आलेलं पाणी कागदावर पाणीच असतं, रानात नसतं.

जरा आडवळण घेतो. खानापूर-आटपाडीकडची घरं तुझ्या नमुन्यात आली तर शेतीचं उत्पन्न लिहून थांबू नकोस. विट्याच्या आसपासची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पसरली आहेत. गावात कुलूप दिसतं, आणि यात्रेला सगळं घर उघडतं. तेव्हाच घराची पायाभरणी, तेव्हाच देण्या-घेण्याचे हिशेब. मे महिन्यात केलेली पाहणी आणि सप्टेंबरात केलेली पाहणी यांत त्या गावाची दोन वेगळी चित्रं येतात.

आठवणीवर किती विसंबायचं, हाही पैशाच्या तारखेचाच प्रश्न आहे. राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत भाजी, तेल, मसाले यांचा खर्च सात दिवसांचा विचारतात, धान्य-दूध अशा वस्तूंचा तीस दिवसांचा, आणि कपडे, शिक्षण, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च वर्षाचा. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भारताचा दरमहा दरडोई खर्च ४१२२ रुपये निघाला आणि त्यातला ४७ टक्के अन्नावरचा. हा आकडा तुझ्या वहीशेजारी ठेवून बघ. पण तुझी वही रोजची आहे आणि तो आकडा आठवणीतला आहे हे विसरू नकोस. साताऱ्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा मांडली, ती माणशी रोजच्या २२५० उष्मांकांवरून. ग्रामीण भागासाठी १९६०-६१ च्या किमतींत महिन्याला १५ रुपये. एवढ्या साध्या प्रश्नावरून, की पोट भरायला किती लागतं, देशाचा वाद उभा राहिला. मी पाहणीला जाताना पिशवीत तो १५ रुपयांचा आकडा कागदावर लिहून ठेवायचो. समोरच्या घरातलं ताट बघून मग आकड्याकडं बघायचो.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नकोस, त्यांना सन आठवत नाही. "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचार. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडं प्रत्येकाच्या आठवणीत रोवलेला आहे. त्यानंतर बाहत्तरचा दुष्काळ. सांगलीकडं २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४५ फुटांना धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. "त्या पुरात जनावरं कुठं नेली होती?" एवढं विचारलं की त्या वर्षीचं कर्ज, विकलेली म्हैस, मोडलेला दागिना, सगळं बाई ओळीनं सांगते. हरिपूरला हळदीच्या पेवांबद्दल विचारायला गेलो तेव्हा हेच झालं. जमिनीखालच्या त्या पेवांत माल वर्षानुवर्षं ठेवून भावाची वाट बघितली जायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं गेली. वाट बघायची सोय गेली की भाव ठरवायची ताकद जाते, हे मला तिथं एका हमालानं सांगितलं, पुस्तकानं नाही.

एक तांत्रिक सावधगिरी, यात पुष्कळ जण फसतात. जुन्या सरकारी तक्त्यांत "सातारा" लिहिलेलं असेल तर ते आजचं सातारा नाही. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगली संस्थानचा मुलूख तर १९४८ पर्यंत त्या तक्त्यांत नाहीच. वाळव्याचे शंभर वर्षांपूर्वीचे आकडे हवे असतील तर ते साताऱ्यात शोध, आणि आधी तालुक्याच्या हद्दी जुळवून घे.

आता घराबद्दल. लिहावं, पण घरातल्या माणसांना सांगून. माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. नात्यातल्या एका घराच्या कर्जाची हकीकत मी नाव बदलून लेखात वापरली. नाव बदललं, पण एकर, म्हशी आणि मुलींची संख्या तशीच ठेवली. गावानं दोन दिवसांत ओळखलं. त्या घरच्या वैनी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी नावाबरोबर एक-दोन तपशीलही बदलतो, आणि छापण्याआधी वाचून दाखवतो. जेवताना, आजारपणात, भांडणात कानावर आलेलं वेगळ्या वहीत जातं. ती वही माझ्यासाठी, तिच्यातलं एक अक्षर बाहेर येत नाही. आईला वाचून दाखवशील तेव्हा ती तुझ्या चुका काढेल. "ते बिल तवा नव्हतं आलं, गौरी झाल्यावर आलं," असं म्हणेल. ती दुरुस्ती खोडून नवं लिहू नकोस, जुनं तसंच ठेवून शेजारी लिही. चूक कुठं होते हेही कामाचं असतं.

वही कशी ठेवायची, तर पान उभं दुमडून तीन पट्टे कर. पाहिलं ते एकात, ऐकलं ते दुसऱ्यात आणि कुणाकडून ऐकलं ते तिथंच, मला वाटलं ते तिसऱ्यात. त्याच रात्री लिही. दुसऱ्या दिवशी एसटीत बसून लिहिलेल्या नोंदीत आपण नकळत गोष्ट नीटनेटकी करून टाकतो. पैशाचा उल्लेख आला की पाच गोष्टी: किती, कुणाकडून, कुणाच्या हातात, कधी येणार होता, कधी आला. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर हेच माझ्या मते तुझ्या प्रबंधाचं मोजमाप होऊ शकतं. त्या अंतरात घर काय काय करतं, कुणाकडं हात पसरतं, काय मोडतं, कुणाची शाळा थांबते, हे सगळं कर्ज या एका शब्दाखाली दडलेलं आहे. मार्गदर्शकांना पुढच्या वेळी वही देऊ नकोस. त्याऐवजी पन्नास नोंदींतून या दोन तारखांचा एक तक्ता करून ने, आणि त्याबरोबर एकाच घराचं एक पूर्ण वर्ष लिहून ने.

वीस फडांचं काम हंगाम सुरू व्हायच्या आधी हाती घे. लागणीच्या तारखा कारखान्याच्या नोंदीच्या पावतीवरून उतरवून घे, आठवणीवरून नको. पावती सापडत नसेल तर आजीला विचार, ती बहुधा देवघरातल्या डब्यात असते.